रिबन पडली तरी सुवर्ण? ही कसली पद्धत म्हणायची!

खासबागकर: पुतणी रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकते (गाण्याच्या तालावर रिबन, म्हणजे काठीला लावलेली लांब फीत, बॉल असलं काही फिरवत करायच्या कसरती), त्यामुळं हल्ली आमच्या घरात कुस्तीपेक्षा रिबनच जास्त चालते. रिओच्या २०२५च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीची दार्या वार्फोलोमेयेव पहिली, गटाच्या एकूण गुणांत जपान सुवर्ण, यजमान ब्राझील रौप्य. बरं, ते पटलं. पण काल तिनं टोकियो ऑलिंपिकचा व्हिडिओ दाखवला. इस्रायलच्या लिनॉय अश्रामच्या हातून रिबन पडली, तरी सुवर्ण तिलाच! रशियाची दिना अवेरिना रौप्यावर, फरक फक्त ०.१५. तालमीत पाठ टेकली की निकाल लागला. इथं चूक करणारीच जिंकते?

रिबनची आई: दादा, रिबनचे गुण बघितलात का? त्यात अवेरिनाच पुढं होती, २४.००० आणि अश्राम २३.३००. पडल्याची किंमत तिनं मोजली. पण निकाल चारही प्रकारांच्या (हूप म्हणजे कडं, बॉल, क्लब्ज म्हणजे छोटे मुगदर, आणि रिबन) बेरजेवर लागतो. बॉलला दोघी सारख्या, २८.३००. हूपला अवेरिना ०.०७५नं पुढं. क्लब्जला मात्र अश्राम २८.६५० आणि अवेरिना २७.७२५. म्हणजे ०.९२५ एकट्या क्लब्जमध्ये मिळवले. त्यातून रिबन-हूपची तूट वजा करा, तुमचे ०.१५ तेवढे उरतात.

तालमीतला: हिशोब बरोबर आहे ताई, पण क्लब्जचे २८.६५० दिले कुणी? पंचांनीच की. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्य आणलं, त्याला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. गोळी कुठं लागली ते यंत्र सांगतं. इथं आता ‘कलात्मकते’चे वेगळे दहा गुण आहेत म्हणे. ते मोजायचे कशानं, फूटपट्टीनं?

बिंदू चौक: भावा, मॅटवरच्या कुस्तीत पण गुण पंचच देतात. अंगचोरी कोण करतोय ते यंत्र ठरवतं व्हय?

तालमीतला: मॅटची कुस्ती आम्हाला तरी कुठं पूर्ण पटलीय!

रिबनची आई: आणि वस्तू पडून सुवर्ण गेल्याचंही उदाहरण आहे. २०१६चं रिओ ऑलिंपिक. रशियाची याना कुद्र्यावत्सेवा ओळीनं तीन वेळा जगज्जेती, तिथंही पुढं होती. क्लब्जच्या शेवटच्या झेलात एक क्लब निसटला आणि सुवर्ण रशियाच्याच मार्गारिता मामूनला गेलं (तिचे वडील बांगलादेशचे, म्हणजे आपल्या शेजारचेच). कुद्र्यावत्सेवाची आघाडी थोडी होती, म्हणून गेली. अश्रामची मोठी होती, म्हणून टिकली.

पडणं पण सगळं सारखं नसतं. जागेवरून उचलली तर कपात कमी, पळत जाऊन आणावी लागली तर जास्त. वर ती करामत मोजलीच जात नाही. मी हे हॉलच्या कोपऱ्यात बसून शिकले. रिबन पाच-सहा मीटर लांब, पंख्याच्या वाऱ्यानंही भरकटते. म्हणून मे महिन्यात पंखे बंद, पोरी घामानं निथळतायत. पावसाळ्यात कापड दमट होऊन एकमेकाला चिकटतं; निघायच्या आधी मी रोज इस्त्री फिरवते. मागच्या जुलैत लेकीच्या रिबनला गाठ पडली. ती सोडवत बसली आणि गाणं संपलं. नव्वद सेकंदांतले वीस गाठीत गेले. त्या दिवसापासून कुणाची रिबन पडली की मला हसू येत नाही.

रंकाळ्याचा वारा: गाठ पडली तर दुसरी रिबन घेता येते ना?

रिबनची आई: येते. स्पर्धेत जादाची ठेवलेली असते. पण वजाबाकी होतेच, आणि दहा वर्षांच्या पोरीला त्या क्षणी ते सुचायला हवं.

तालमीतला: कष्टाबद्दल वाद नाही ताई, मानलं. माझा आक्षेप पंचांवर आहे. ०.१५ एवढ्या फरकानं सुवर्ण ठरत असेल तर एका पंचाचा मूड पुरेसा आहे.

रिबनची आई: म्हणून तर एकच पंच नसतो. आणि अवेरिनाच्या बाजूनं रिबनच्या गुणांवर दाद मागितली होती, ती फेटाळली गेली. तरी तुम्हाला पटलं नाही, हे मान्य.

खासबागकर: मला हिशोब पटला, पंच अर्धेच पटले. आता पुतणी म्हणते, रिबन बास, क्लब्ज शिकायचे, सगळे गुण तिथंच आहेत. काल माडीवर पहिला क्लब फेकला, ट्यूबलाइट गेली. ती कपात कुणाच्या खात्यात धरू?