ब्रेक दाबताना पुढच्या डाव्या चाकातून शिट्टी येते: पॅड बदलावेत की डिस्कही?

प्रश्न (मुलुंडहून)

नमस्कार. माझी हॅचबॅक गाडी सहा वर्षांची असून ४६,००० किलोमीटर चालली आहे. सोसायटीत छपराखाली जागा नसल्यामुळे ती रात्रभर पावसात उभी असते. सकाळी गेटाबाहेर पडताना पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर ऐकू येते आणि नाक्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती थांबते. गेल्या पंधरवड्यापासून मात्र एक वेगळा आवाज सुरू झाला आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावर सिग्नलपाशी वेग कमी करताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक शिट्टी येते, आणि गाडी एखाद्या भिंतीलगत असली की ती फारच स्पष्ट ऐकू येते. एका गॅरेजमध्ये चाक न काढताच ‘चारही चाकांचे पॅड आणि पुढच्या दोन्ही डिस्क बदला’ असे सांगितले. येत्या शनिवारी आईवडिलांना घेऊन खंडाळ्याच्या घाटाने साताऱ्याला जायचे आहे. खर्चाला माझी ना नाही, पण खराब नक्की काय झाले आहे हे कळावे, एवढीच इच्छा आहे.

उत्तर १ (कुर्ला, वर्कशॉपमधील अनुभवावरून)

ताई, तुम्ही दोन आवाज वेगळे करून सांगितलेत हे फार बरे झाले, कारण त्यांची कारणेही वेगळी आहेत. सकाळची खरखर गंजाची आहे. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, बिडाची असते. पावसात आणि आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तो खरवडून काढतात. ती खरखर नाक्यापर्यंत थांबते आहे तोवर तिच्यापायी एक रुपयाही खर्च करू नका.

शिट्टीचे तसे नाही. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला पोलादाची एक लहान पट्टी बसवलेली असते. पॅडवरचा घासला जाणारा थर नवा असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. झिजून तो दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि आवाज करू लागते. चालकाने वेळेत चाक उघडून घ्यावे यासाठीच ती सोय केलेली असते. पॅडवर चकाकी चढली किंवा क्लिप सैल झाली तरी कर्कश आवाज येतो, म्हणून चाक काढल्याशिवाय कोणी निदान केले तर ते मान्य करू नका. मात्र शिट्टी जाऊन तिच्या जागी दगडावर लोखंड ओढल्यासारखी घरघर सुरू झाली, तर थर संपून पॅडची लोखंडी पाठच डिस्कवर घासते आहे असे समजा आणि गाडी तिथेच थांबवून उचलून न्या.

आणखी एक गोष्ट मला खटकली. बहुतेक हॅचबॅक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि ड्रममध्ये पॅड नसतात, ड्रमला आतून दाबणारे शू असतात. तुमच्या गाडीलाही ड्रम असतील, तर ‘चारही चाकांचे पॅड’ या बोलण्याला अर्थच उरत नाही. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी तिच्यापेक्षा जास्त असेल, खोल चरे किंवा तडे नसतील आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरत नसेल, तर डिस्क बदलण्याचे कारण नाही. पॅड मात्र एकाच चाकाचे बदलू नयेत. पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

उत्तर २ (डोंबिवलीहून)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक आग्रहाची सूचना करतो: आतल्या बाजूचा पॅड पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. चाकाच्या जाळीतून दिसतो तो बहुधा बाहेरचा. माझ्या गाडीचा बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक होता आणि तेवढ्यावरच मला निश्चिंत राहायला सांगण्यात आले. आतला संपून गेला होता आणि डिस्कवर नख अडकेल एवढे चर पडले होते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या पिना चिखलपाण्याने अडकल्या की असे होते. एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापणे, जळका वास येणे किंवा गाडी एका बाजूला ओढणे ही त्याची लक्षणे आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये उभी राहून चाक काढून घेतले. बाहेरचा पॅड पाच मिलिमीटर होता आणि आतला जेमतेम दोन. खालची पिन इतकी घट्ट बसली होती की कारागिराला ती हातोडीने ठोकून काढावी लागली. डिस्क मोजून ठीक निघाली. पुढचे दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, पिना साफ करून त्यांना ब्रेकचे खास ग्रीस लावले आणि रबरी टोप्या नव्या बसवल्या. मागचे ड्रम उघडून धूळ साफ केली, शू अजून चांगले आहेत. शिट्टी थांबली आहे.

उत्तर १ (पुन्हा)

उत्तम झाले. आता शनिवारपूर्वी दोन कामे करा. नवे पॅड डिस्कवर नीट बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, मध्यम वेगावरून दहा-बारा वेळा हळूहळू वेग कमी करा, मध्ये थोडे अंतर जाऊ द्या आणि त्या काळात करकचून ब्रेक लावणे टाळा. दुसरे, ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल तर बदलून घ्या. ते हवेतले पाणी शोषते आणि लांब उतारावर तापून त्यात वाफ झाली की पेडल मऊ होऊन खाली जाते. परतीच्या वाटेवर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना खालच्या गिअरमध्येच राहा.