डावे मनगट मागे वाकते, म्हणून चेंडू उजवीकडे वळतो का?

मडगावकर:
नमस्कार. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब क्लबने, मारलेला चेंडू सरळ निघतो आणि पुढे जाऊन उजवीकडे वळतो. मोबाइलवर स्विंग थांबवून पाहिला, तेव्हा बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे उचलण्याच्या, टोकाला डावे मनगट मागे वाकलेले आणि हातमोज्यावर पाठीच्या बाजूला आडव्या चुण्या पडलेल्या दिसल्या. अमेरिकी गोल्फपटू डस्टिन जॉन्सन यांचे मनगट नेमके उलट, तळहाताच्या बाजूला वाकलेले असते. मी तसे करावे का? डावा हात ताठ ठेवावा असेही सांगतात, पण तसे केले की माझे खांदेच फिरत नाहीत.

वास्कोकर:
चेंडू कोणत्या दिशेने निघणार, हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे रोखलेला आहे यावर ठरते, आणि तो हवेत कुठे वळणार, हे फेस व क्लबचा मार्ग यांतील कोनावर. आपला चेंडू सरळ निघतो, म्हणजे फेस जवळजवळ लक्ष्याकडेच आहे. क्लब मात्र बाहेरून आत, डावीकडे जात असावा. अशा वेळी नुसते मनगट बदलले तर चेंडू थेट डावीकडे जाईल. तरीही सुरुवात मनगटापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण मनगट मागे वाकल्याने उघडणारा, म्हणजे उजवीकडे रोखला जाणारा, फेस सावरण्यासाठीच शरीर क्लब डावीकडे ओढू लागते. जुन्या पिढीतले अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांनी 1955 साली ‘लाइफ’ मासिकात मनगट मागे वाकवण्याची युक्ती सांगितली होती, पण त्यांना चेंडू डावीकडे वळण्याची भीती होती. आपला विकार त्याच्या उलट आहे. मनगट बदलण्याआधी फेसवर पावडर लावून चेंडूचा ठसा पाहावा, कारण फेसच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळच्या भागावर, लागलेला चेंडूही ड्रायव्हरवरून उजवीकडेच वळतो.

फोंड्याचा वाचक:
वास्कोकरांच्या म्हणण्यात पकडीचा मुद्दा जोडतो. डावा पंजा दांड्यावर उजवीकडे फिरवून धरला असेल, तर मनगट थोडे मागे वाकणे स्वाभाविक असते आणि त्यामुळे फेस उघडतोच असे नाही. त्या पकडीने जॉन्सन यांची नक्कल केल्यास फेस फार बंद होईल, म्हणजे डावीकडे रोखला जाईल. म्हणून आधी पकड पाहावी, मग मनगट. लाकडी फूटपट्टी घड्याळाच्या पट्ट्याखाली, पंजाच्या पाठीवर येईल अशी सरकवून सावकाश अर्धा स्विंग करावा; मनगट मागे वाकताच तिचे टोक हाताला टोचते. पंजा कोणत्याही बाजूला न फिरवलेल्या पकडीला सपाट मनगट पुरे आहे. हाताविषयी म्हणाल, तर ताठ म्हणजे कोपर आवळलेले नव्हे. डावा हात लांब राहिला पाहिजे, पण किंचित वाकला तरी चालेल. खांदे पुरते फिरणे अधिक मोलाचे आहे. पावसाळ्यात दांड्याची ग्रिप (मूठ) ओली झाली की आपण नकळत मूठ आवळतो आणि मनगटे गोठतात, तेव्हा कोरडा हातमोजा आणि टॉवेल पिशवीत असू द्यावा.

मडगावकर:
दोघांचेही आभार. क्लब धरल्यावर माझ्या डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची एकच गाठ वरून दिसते, म्हणजे पकडच डावीकडे फिरलेली आहे. आधी ती बदलतो आणि नंतर फूटपट्टी घेतो.