निरीक्षणगृहातल्या मुलाची अध्ययन अक्षमता तपासणी कशी करून घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात राहते. जिल्ह्यातल्या एका निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात ती जागा) दर मंगळवारी आणि शनिवारी मुलांना शिकवायला जाते. तिथल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. वय पंधरा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे ओळख पटेल असं काहीच लिहिणार नाही, आणि त्याने काय केलं याची चर्चाही इथे नको.

सातवीपर्यंत शाळेत गेलाय, अक्षरं ओळखतो. पण ओळीखाली बोट ठेवून पहिलं अक्षर बघतो आणि पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो. परवा 'मंडळ'चं 'मंगळ' झालं. घ-ध, भ-म यांची अदलाबदल तर चालूच असते. तोंडी मात्र पक्का. बत्तीस रुपये किलोने अडीच किलो कांदे म्हटलं की लगेच "ऐंशी". वहीत तोच बत्तीस २३ होतो. (आपल्याकडे आकडा बोलायचाच उलटा, त्यामुळे दुसरीतलं पोर चुकलं तर समजू शकते. पंधराव्या वर्षी नाही.) शाळेत 'आळशी' एवढंच ऐकत आलाय.

माझी खरी काळजी पुढेच आहे. कुठलाही कागद समोर ठेवून "वाचलास ना?" विचारलं की तो "हो" म्हणतो आणि सही करतो. अशा मुलांची प्रकरणं चालतात त्या बाल न्याय मंडळासमोरही हेच होत असणार.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी कायमची अडचण) आहे, बाल न्याय कायद्याच्या कलम ५३ मध्ये विशेष शिक्षणही आहे. पण आत असलेल्या मुलाची तपासणी करा, असं सांगायचं कुणी? अर्ज अधीक्षकांकडे की थेट मंडळाकडे? आणि नोंद झाली तर त्याच्यावर आणखी एक शिक्का तर बसणार नाही?

प्रतिसाद
ताई, मी नवी मुंबईत विशेष शिक्षिका आहे. अर्ज अधीक्षकांना द्या, प्रत परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर), आणि दोन्हीकडून पोच घ्या. मुलाच्या परिस्थितीबद्दल ते जो सामाजिक तपासणी अहवाल लिहितात, त्यात आलं की मंडळापुढे जातं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. आधी डोळे-कान तपासा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, पण एका फेरीत उरकत नाही. सोबत कोण नेणार ते आधीच ठरवून घ्या. शिक्क्याचं म्हणाल तर 'आळशी' हा बसलाच आहे, हा नवा किमान दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळवून देतो. तोवर "समजलं का?" विचारूच नका. कागद वाचून दाखवा आणि म्हणा, "आता तू मला सांग."

धागाकर्ती
खूप आभार ताई. आज तसंच केलं. मागच्या तारखेला सही केलेल्या कागदात काय होतं, विचारलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सुटायचा कागद होता ना तो?" कार्यालयात चौकशी केली, तर पुढच्या तारखेचा होता. सोमवारीच अर्ज देते.