कपाच्या झाकणातून चालताना पेय उसळते, उपाय काय?

प्रश्न: सोबत न्यायच्या गरम पेयाच्या कपासाठी मी झाकण तयार करत आहे. चालताना पिण्याच्या छिद्रातून थेंब उसळतात आणि छिद्र लहान केले, तर पेय गचके देत बाहेर येते. काय बदलावे?

उत्तर १: जेवढे पेय बाहेर पडते तेवढी हवा आत यावी लागते, आणि ती त्याच छिद्रातून शिरू लागली की धार तुटते, म्हणून समोरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे दुसरे छिद्र ठेवावे. वाफही तिथूनच निघून जाते.

उत्तर २: आपली पावले सेकंदाला साधारण २ पडतात, तर कपातील द्रव सेकंदाला ३ ते ४ वेळा हिंदकळू पाहतो, म्हणजे पावलांच्या दुप्पट वेगाने बसणाऱ्या बारीक हादऱ्यांशी ते जुळते, त्यामुळे लाट वाढायला वेळ लागत नाही. छिद्राभोवती खोलगट वाटी ठेवल्यास उसळलेला थेंब परत आत ओघळतो. काठोकाठ भरलेल्या कपापुढे मात्र कोणतेही झाकण हरते!

उत्तर ३: कप कागदी असल्यास त्याचा उभा जोड तपासावा. तिथे कागदाचे थर एकमेकांवर आल्याने वळलेला काठ किंचित जाड होतो आणि झाकणाच्या खोबणीत फट राहते. छिद्र नेमके जोडावर आले की थेंब हनुवटीवर.

प्रश्नकर्ता: झाकण फिरवून पाहिले, गळती जोडापाशीच होती. आता खोबण बदलतो.