मदत हवी आहे: सकाळी हात थरथरतात, हे व्यसनच का?

तापीकाठ: मी पुण्याला असतो, वडील चोपडा तालुक्यात केळी करतात. आई सांगते, आबा हल्ली बशीतून चहा पीत नाहीत, कप दोन्ही हातांनी धरतात. दहाला मळ्यात जाऊन आले की हात स्थिर. परवा मोटारीच्या स्टार्टरमागे संत्रा देशी दारूची बाटली सापडली. विचारलं तर तिच्यावरच ओरडले. पिऊन पडत नाहीत, भांडत नाहीत, हिशोब चोख. मग याला व्यसन म्हणायचं का? हो की नाही एवढंच सांगा, सल्ले नकोत.

भुसावळकर: वय? रोज किती? कधीपासून?

आप्पा_धुळे: आमना गावमा बी तेच शे भो. भरीत पार्टीपासून सुरू होतं. पण शेतकरी माणूस दमतो, थोडी घेतली तर लगेच बेवडा ठरवू नका.

निवृत्त_सिस्टर: आप्पा, थोडी घेणाऱ्याला सकाळी थरथर होत नाही. तापीकाठ, आबांना चार गोष्टी विचारा: कमी करावी असं वाटलं का, कोणी बोललं की राग येतो का, नंतर अपराधी वाटतं का, सकाळी उठल्यावर हात स्थिर होण्यापुरती लागते का. दोन 'हो' आले तरी डॉक्टर गाठा. तुमच्या लिहिण्यातच दोन दिसतायत.

रावेरची_सून: माझ्या दिराला पावडर दिली, भाजीत कालवून. कळलंही नाही, सुटली.

निवृत्त_सिस्टर: असं अजिबात करू नका ताई. अशा पावडरीत डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि माणूस वर प्यायला, तर बीपी कोसळतो. न सांगता देणं जिवावर बेततं.

रावेरची_सून: आमचं काही झालं नाही.

शिरपूर_जावई: मूळ दुकानात आहे. आडव्या बाटलीचं मतदान लावा. निम्म्याहून जास्त महिला मतदार आडव्या बाटलीकडे गेल्या की दुकान बंद.

भुसावळकर: हातभट्टीला कुठलं मतदान? आणि त्यांनी आबांबद्दल विचारलंय. तापीकाठ, किती पितात?

तापीकाठ: वय 58. दोन क्वार्टर असतील, आईला नक्की ठाऊक नाही. दुकानाचं मला काय?

भुसावळकर: देशीची एक क्वार्टर म्हणजे साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल. रोज दोन म्हणजे 120. हिशोब चोख ठेवणारेही व्यसनी असतात, माझे काका मुनीम होते.

आप्पा_धुळे: मग उद्यापासून कोठीत कोंडा. आठ दिवसांत सुतासारखे सरळ.

तापीकाठ: मागच्या श्रावणात स्वतःच सोडली होती. रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी फिट आली. आम्हाला पित्त वाटलं. भाद्रपद लागला आणि परत सुरू.

निवृत्त_सिस्टर: हे आधी सांगायचं की हो! ती फिट पित्ताची नव्हे, दारू एकदम तोडल्याची असणार. आता कोणी कोंडू नका आणि घरी एकदम बंदही करू नका. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, जीवही जातो. दवाखान्यात दाखल करूनच सोडवायची, बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि औषधं देऊन. डॉक्टरला फिटची गोष्ट आधी सांगा. 14416 या टेली-मानस सरकारी हेल्पलाइनवर आज फोन करा, मराठीत बोलतात.

तापीकाठ: रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतोय. आईला सांगितलंय, बाटली लपवू नको.

यावल_सचिन: रावेरची ताई, त्या पावडरीचं नाव सांगता का?