शब्दचर्चा : ‘हमीचे तास’ की ‘ठरलेले तास’? आणि खाडा नेमका कोणाचा?

सीताबर्डीवाली
एक शब्द पाहिजे, थोडी घाई आहे. माझी लहान बहीण कॉलेज सांभाळून नागपुरात बर्डीवरच्या एका कपड्याच्या शोरूममध्ये पार्ट टाइम जाऊन राहिली. तोंडी सांगितलं होतं रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, पण हातात जो कागद दिला त्यावर आहे "आठवड्याला २४ तासांपर्यंत, आवश्यकतेनुसार". आता गिऱ्हाईक कमी असलं की सकाळी व्हॉट्सअॅपवर मेसेज, आज नको येऊ. कधी तर दुकानात पोचून तासभर घड्या घातल्यावर वापस पाठवतात, येण्याजाण्याचं भाडं तिच्याच खिशातून, आणि महिना संपला की पगाराच्या चिठ्ठीत अशा सगळ्या दिवसांपुढे लिहिलेलं "खाडा". तिला मराठीत अर्ज द्यायचा आहे. गॅरंटीड अवर्सला काय लिहायचं, हमीचे तास, ठरलेले तास की कराराचे तास? आणि जो दिवस तिनं बुडवलाच नाही त्याला खाडा कसं काय म्हणतात?

महालकर
ताई, आधी त्या कागदातला "पर्यंत" बघा. २४ तासांपर्यंत म्हणजे वरची हद्द सांगितली, खालची सांगितलीच नाही. एखाद्या आठवड्यात पाच तास दिले, शून्य दिले, तरी कागद खोटा पडत नाही. "आवश्यकतेनुसार" मध्ये पण कोणाची आवश्यकता ते गाळलंय, वाचणाऱ्याला वाटते दोघांची, असते एकाचीच. तिथं "किमान" हा शब्द आणल्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही.

"ठरलेले तास" मला कच्चं वाटते, कारण ठरलेलं उद्या बदललं असंही म्हणता येते. "हमी" पक्की. आपल्या राज्यात या शब्दाला रोजगार हमीमुळे वजन आलंय, वि. स. पागेंची कल्पना, १९७७ चा कायदा. नंतर २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर आकडेच लिहिले, काम मागितल्यावर १५ दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव आणि त्यापुढे निदान निम्मा. म्हणजे काम दिलं नाही तर पैसे द्या, हाच हमीचा अर्थ. पैशाची बाजू लिहिलेली नसेल तर तिथं हमी शब्द वापरूच नये.

हिंगणा_एमआयडीसी
खाड्याचं मी सांगतो. खाडा कामगार मारतो, मालक नाही मारू शकत. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये बदलीवर होते, पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कोणी खाडा मारला असला तरच यांना त्या दिवशी साचा, म्हणजे माग, मिळणार, नाही तर डबा तसाच घरी. पण त्या दिवसाला घरी कोणीच "आबांनी खाडा केला" नाही म्हणायचं, "आज बदली नाही लागली" म्हणायचे. साध्या माणसांना हा फरक कळत होता आणि आज शोरूमवाल्यांना कळत नाही, हे मला पटत नाही.

कारखान्यात याला ले-ऑफ म्हणतात. आता पेपरवाले नोकरीवरून काढण्याला ले-ऑफ छापून राहिले, पण कायद्यातला अर्थ वेगळा आहे, आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत आहे, नाव मस्टरवर आहे, माणूस वेळेवर हजर झाला, आणि दोन तासांत काम दिलं नाही. नोकरी तशीच राहते. कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार आणि याची वर्षभर सलग नोकरी असली तर मूळ पगार अधिक महागाई भत्ता याच्या निम्मे मिळतात. बदलीवाल्याला मात्र नाही. आणि दुकानाला ते कलम लागत नाही, म्हणून अर्जात ले-ऑफ नका लिहू.

तासिकावाला
मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो म्हणून लिहितो. अर्धवेळ, अंशकालीन, तासिका हे तिन्ही शब्द लोक एकच समजतात. अर्धवेळमध्ये निदान एक पूर्ण वेळ गृहीत असतो आणि त्याच्या निम्मा आपला. अंशकालीन हा सरकारी शब्द, अंशकालीन निदेशक, अंशकालीन स्त्री परिचर, इथं अंश केवढा ते शब्दातून कळत नाही. आणि तासिकेत तर खाली काहीच नाही, परीक्षा लागली तासिका नाही, गॅदरिंग आहे तासिका नाही, दिवाळी आली तासिका नाही, पैसेही नाही. बहिणीचं काम म्हणायला अर्धवेळ पण वागवतात तासिकेसारखं.

"मानधन" शब्दापासून पण सांभाळा. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षं तेच सांगितलं गेलं की हे मानधन, वेतन नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात ते मानधन वेतनच धरलं आणि हे काम अर्धवेळ आहे हेही मान्य केलं नाही. अर्जात सरळ "पगार" लिहा.

सीताबर्डीवाली
दादा, पण दुकानाला काहीच लागू नाही का? येऊन वापस जाणं तर फार लागते तिला, त्या दिवशी कॉलेजचं प्रॅक्टिकलही बुडते.

महालकर
लागते ना. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम १५ होतं, वेतन संहितेत तेच कलम १० म्हणून आलंय, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. रोजाच्या दरानं काम करणाऱ्याला कामावर घेतलेल्या दिवशी कमी तास काम मिळालं तरी पूर्ण दिवसाचा पगार, फक्त काम करायची इच्छा त्याचीच नसेल तर नाही. बघा, खाडा आणि काम न देणं हा फरक कायद्यानंच केलेला आहे. पण हे त्या दिवशी कामाला लागलेल्या माणसाचं झालं, सकाळीच मेसेज टाकून थांबवलं तर या कलमाचा आधार पुरत नाही. ती जागा करारानंच भरायची. न्यूझीलंडनं २०१६ मध्ये असंच केलं, हमीच्या तासांपलीकडे माणसानं तयार राहावं अशी अट घालायची तर त्या तयार राहण्याचा मोबदला द्या.

सीताबर्डीवाली
मग असं लिहू? "मला आठवड्याला किमान २४ हमीचे तास काम देण्यात यावे. मी हजर असताना अथवा येण्यास तयार असताना दुकानाने काम न दिल्यास ते तास खाडा न धरता त्यांचे वेतन देय राहील."

हिंगणा_एमआयडीसी
चांगलं आहे ताई, फक्त "देय राहील" काढा. राहील म्हणजे राहूनच जाते. "त्याच महिन्याच्या पगारात मिळावा" लिहा, आणि सकाळच्या त्या मेसेजांचे स्क्रीनशॉट तारखेसकट प्रिंट काढून अर्जाला जोडा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या.