चाळीस दिवस की सेहेचाळीस?

ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावण्याच्या दिवशी, सुरू होतो. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस भरतात, मग उपवासकाळ 40 दिवसांचा कसा, या प्रश्नाला उत्तर दिलं जातं की मधले सहा रविवार मोजत नाहीत. हिशोब बरोबर आहे. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. पण सुरुवात बुधवारीच का, हे त्यात राहून जातं. पूर्वी रोममध्ये उपवासकाळ रविवारीच सुरू व्हायचा. सहा आठवडे, रविवार वगळून उपासाचे 36 दिवस. पोप ग्रेगरी पहिले (590 ते 604) यांनी त्याला वर्षाचा दशांश म्हटलंय, आणि मला ही कल्पना फार भावते: पिकाचा दहावा भाग द्यावा तसा वर्षाचाही देवाला द्यायचा. येशूने अरण्यात उपास केला त्या 40 दिवसांशी मेळ बसावा म्हणून बुधवार ते शनिवार हे चार दिवस सुरुवातीला जोडले गेले.

मिलानच्या आंब्रोसियन विधीने (तिथल्या कॅथलिकांची वेगळी उपासनापद्धती) मात्र ही भर स्वीकारलीच नाही. तिथे आजही उपवासकाळ रविवारी सुरू होतो, त्यामुळे इतरत्र राख लावून झाली तरी मिलानमध्ये कार्निव्हल (उपवासकाळाआधीचा उत्सव) शनिवारपर्यंत चालतो. शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी तिथे मिस्साच (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) होत नाही. बहुतेक कॅथलिक पाळतात त्या रोमन विधीत असं फक्त उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, पवित्र शनिवारी, दिवसा घडतं. त्यामुळे 'सगळ्या कॅथलिकांचं कॅलेंडर एकच' हे विधान मला पटत नाही.